पाय टेकले पाहिजेत

वाचकहो, गेल्या खेपेस आम्ही गुडघ्यांवर लिहिले होते. त्यावर पुष्कळांनी सांगितले, "सिस्टर, गुडघ्यांचे झाले, आता कमरेचे लिहा." म्हणून कमरेवर लिहायला बसलो, तर गाडी गादीवर येऊन थांबली. त्याला कारण आमची एक मैत्रीण.

ही मैत्रीण माझगावच्या शाळेत आमच्याच बाकावर बसायची. पुढे आम्ही इकडे आलो, नर्सिंग केले, रिटायर झालो. ती ठाण्याला संसारात रमली. आता दोघींनाही सत्त्याहत्तर लागले. तिची लेक आणि जावई कुवेतला नोकरीला आहेत. कुवेत शहराच्या दक्षिणेला, मुबारक अल-कबीर प्रांतात, सबाह अल-सालेम नावाची मोठी वस्ती आहे, तिथे त्यांचा फ्लॅट. शेख सबाह अल-सालेम हे 1965 पासून 1977 पर्यंत कुवेतचे अमीर होते, त्यांचे नाव या वस्तीला दिलेले. यंदा लेकीचे ऑपरेशन झाले, म्हणून ही बाई भर उन्हाळ्यात तिकडे जाऊन दोन महिने राहिली. ठाण्याला परत आल्यावर तिने आम्हांला फोन केला.

इकडचे तिकडचे बोलून झाले. मग म्हणाली, "अगं, तू नर्स ना, एक विचारायचं होतं. मेमरी फोमची गादी किती जाड घ्यावी?"

आम्हांला हसू आले. इतक्या लांबून फोन, तो गादीसाठी! पण तिने सगळे सांगितले ते असे. आई येणार म्हणून लेकीने हौसेने नवी गादी घेतली. दुकानदाराने सांगितले की जितकी जाड तितकी आरामाची. मग काय, 30 सेंटीमीटरची घेतली, म्हणजे आपल्या हिशेबाने 12 इंच. गादी सुंदर, मऊ, वर रेशमासारखे कापड. पण आठवडाभराने लेकीला सकाळी आई हॉलमधल्या सोफ्यावर झोपलेली दिसू लागली. विचारले तर आई म्हणे, "एसी सोसत नाही गं." लेकीला वाटले, गादी टोचत असेल नाहीतर फार मऊ असेल. म्हणून पुढच्या वेळेसाठी ती विचारते आहे की आईला 15 ची आणू, 20 ची, की 25 ची?

आम्ही चाळीस वर्षे वॉर्डात काढली. उत्तर देण्याआधी आम्ही एकच प्रश्न विचारला, "रात्री लघवीला किती वेळा उठायचीस?"

पलीकडे सगळे गप्प. आमच्या धंद्यात अशा गप्प राहण्याला फार किंमत असते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुला कसं कळलं?"

झाले होते असे. तिसऱ्या की चौथ्या रात्री ती उठली, कडेला बसली. पाय खाली सोडले तर जमीन लागेना. कड मऊ होती, ती दबली आणि बाई घसरत सरळ फरशीवर बसली. हाड मोडले नाही, देवाची दया. पण उठताही येईना. अंधारात अर्धा तास ती तशीच फरशीवर बसून राहिली. लेकीच्या पोटाला टाके, जावयाची पहाटेची पाळी, हाक कुणाला मारायची? शेवटी खुर्चीला धरून कशीबशी उठली. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद. प्यायलेच नाही तर उठावे लागणार नाही, हा तिचा हिशेब. पुढे लघवीला जळजळ होऊ लागली, तरी कुणाला सांगितले नाही. आणि एक दिवस सोफ्याचा शोध लागला. सोफा बुटका, तिथून पाय जमिनीला लागत होते.

ज्या देशात मितरिबा या ठिकाणी 21 जुलै 2016 रोजी 53.9 अंश तापमान मोजले गेले, त्या देशात ऐन उन्हाळ्यात सत्त्याहत्तर वर्षांची बाई पाणी तोडून बसली, आणि कारण काय, तर गादी! म्हातारपणी तहान मुळातच कमी लागते. पाणी कमी पडले की चक्कर येते, रक्तदाब उतरतो, लघवीत जंतू वाढतात, क्वचित माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागते. घरचे म्हणतात, "आईचं वय झालं." वयाकडे बोट दाखवण्याआधी पलंगाची उंची मोजून पाहावी.

म्हणून या लेखात गादीच्या जाडीविषयी जे सांगणार आहोत, त्याची सुरुवात आम्ही जमिनीपासून करतो.

आधी गुडघा मोजा

भिंतीला टेकलेल्या साध्या खुर्चीवर ताठ बसा. घरात जी चप्पल घालता ती पायांत असू द्या. पाऊल जमिनीवर सपाट हवे. आता जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत टेप लावा. हा तुमचा आकडा. कडेला बसल्यावर गादी जिथपर्यंत दबते, तिथून जमिनीचे अंतर या आकड्याइतके किंवा फार तर चार-पाच सेंटीमीटर जास्त असावे. ज्यांचे गुडघे किंवा खुबे दुखतात, त्यांना थोडी जास्त उंची उठायला बरी पडते. पण पाऊल पूर्ण टेकले पाहिजे, नुसते अंगठे नव्हेत.

आमच्या मैत्रिणीला आम्ही फोनवरच बसवले, टेप आणायला लावली. बाई चार फूट दहा इंच. आकडा आला 38 सेंटीमीटर. मग तिने लेकीला कळवून तिकडचा पलंग मोजून घेतला. तो निघाला खालून बंद पेटीसारखा, आत मायदेशी न्यायच्या बॅगा ठेवायची सोय असलेला. आखातात अशा पलंगाचा फार उपयोग, कारण निम्मा संसार बॅगांत. पलंगाची उंची 38. वर गादी 30. झाले 68. बसल्यावर गादी सहा दबते असे धरले तरी 62. बाईचा गुडघा 38 वर, गादी 62 वर. चोवीस सेंटीमीटर, म्हणजे वीतभराहून जास्त, पाय अधांतरी!

आता लेकीचा प्रश्न परत वाचा. 15, 20 की 25? त्याच पलंगावर 15 ची घातली तरी 53 होतात, दबून 49. तरीही 11 जास्त. म्हणजे तिने विचारलेल्या तिन्ही आकड्यांत बरोबर उत्तर नव्हतेच. पलंग आणि गादी मिळून एक वस्तू आहे असे समजून हिशेब करायला हवा. दुकानात मात्र दोन्ही वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवलेले असतात.

हे काही आमचे नवे शोध नव्हेत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी 1860 च्या सुमारास शुश्रूषेवर छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी बजावले आहे की रोग्याचा पलंग सोफ्याहून उंच नसावा, कारण चढण्या-उतरण्याच्या श्रमानेच रोग्याचे चार पावले फिरणे राहून जाते. आमच्या मैत्रिणीने ते पुस्तक वाचलेले नाही. तरी रात्री दोन वाजता ती आपली आपण सोफ्यापाशी पोहोचली.

मग जाडी कशासाठी?

कुणी म्हणेल, मग पातळच घ्यावी. तसेही नाही. गादीचे काम हाडांना जमिनीपासून दूर ठेवणे. माकडहाड, खुबा, खांदा, टाच या जागी मांस कमी. गादी पातळ पडली की ही हाडे खालच्या फळीला टेकतात आणि कातडी मध्ये चेंगरते. वॉर्डात आम्ही एक परीक्षा करायचो, ती घरीही करता येते. माणसाला गादीवर नेहमीसारखे झोपू द्या. तुमचा हात, तळवा वर करून, गादीच्या खाली, बरोबर माकडहाडाच्या रेषेत सरकवा. हाताला वरचे हाड जाणवले, मध्ये इंचभरही फोम उरला नाही असे वाटले, तर गादी पातळ आहे किंवा जुनी होऊन बसली आहे. खाली फळी असल्यामुळे हात जात नसेल तर दुसऱ्या कुणाला कोपरा जरा उचलायला सांगा. या परीक्षेला एक पैसा लागत नाही.

मेमरी फोम हा मूळचा विमानातला माल. 1966 साली अमेरिकेच्या नासा संस्थेच्या एम्स संशोधन केंद्रात चार्ल्स योस्ट या इंजिनिअराने विमानाच्या आसनांसाठी तो तयार केला, बसणाऱ्याला धक्का कमी लागावा म्हणून. झोपायच्या गाद्या पुढे 1991-92 पासून बाजारात आल्या. या फोमचा गुण असा की अंगाच्या ऊबेने आणि वजनाने तो हळूहळू मऊ होतो, हाडाच्या जागी खोलगट होतो, आणि उठल्यावर सावकाश वर येतो.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. 30 सेंटीमीटरची मेमरी फोम गादी म्हणजे तीसच्या तीस सेंटीमीटर मेमरी फोम नसतो. सहसा वरचा पाच ते आठ सेंटीमीटरचा थर तेवढा मेमरी फोमचा, खाली साधा कडक फोम. तसेच असावे, नाहीतर माणूस त्यात रुतून बसेल. म्हणून दुकानात "जाडी किती?" एवढ्यावर थांबू नका. "वरचा थर किती, खालचा किती, आणि घनता किती?" असे विचारा. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन. वरच्या थराची 50 किलोच्या आसपास किंवा जास्त असलेली बरी. हलका फोम दुकानात मऊ लागतो आणि लवकर बसतो.

आमचा साधा हिशेब असा:

कुशीवर झोपणाऱ्यांना खांदा आणि खुबा रुतायला जागा लागते, त्यांना वरचा थर सात-आठ सेंटीमीटर. उताणे झोपणाऱ्यांना पाच पुरतो. पालथे झोपणाऱ्यांनी पाचाच्या वर जाऊ नये, पोट रुतते आणि कंबर उलटी वाकते.

अंगाने बारीक, साठ किलोच्या आत असाल तर एकूण 15 ते 18 सेंटीमीटर, म्हणजे सहा-सात इंच, पुष्कळ. साठ ते नव्वद किलोला 20 ते 25. त्याहून जड असल्यास 25 किंवा थोडी जास्त, आणि खालचा थर चांगला घट्ट.

वय झालेल्यांनी वरचा थर जाड घेऊ नये, हे आमचे खास सांगणे. जाड थरात अंग खोल बसते, आणि ज्यांच्या हातात जोर राहिला नाही त्यांना कूस बदलता येत नाही. चिखलात पाय रुतल्यासारखे होते. तरुण माणसाला जो खोलगा आराम वाटतो, त्यातून म्हाताऱ्याला बाहेर पडावे लागते.

एसीचा खेळ

मैत्रिणीने आणखी एक तक्रार सांगितली. "पहिल्यांदा पाठ टेकली की फळीसारखी कडक, आणि अर्ध्या तासाने आत आत जाते." लेकीला वाटले, आईचे काहीतरीच. पण आई खरे बोलत होती. मेमरी फोम थंडीत कडक होतो आणि उष्णतेत मऊ. कुवेतमध्ये उन्हाळाभर एसी चालू. 20 अंशांच्या खोलीत दिवसभर थंड झालेली गादी प्रथम कडक लागणारच. आणि वीज गेली की तीच गादी लोण्यासारखी. 2024 च्या जूनमध्ये कुवेत सरकारला काही भागांत ठरलेल्या वेळी वीज बंद ठेवावी लागली होती, इतका भार वाढला होता. म्हणून ज्या खोलीत झोपायचे त्या खोलीच्या गारव्यात गादी कशी वागते ते पाहा. दुकानात हात दाबून "वा, छान" म्हणू नका. झोपा, निदान दहा-पंधरा मिनिटे, आपल्या नेहमीच्या कुशीवर. लाजू नका, पैसे तुमचे आहेत. आणि उठताना पाच मिनिटे कडेवर बसा. कड फार दबून तुम्ही पुढे सरकत असाल, तर ती गादी म्हाताऱ्या माणसासाठी नव्हे, मग ती कितीही जाड असो.

गादी आणि पाठीच्या जखमा

आमच्या वाचकांपैकी काहींच्या घरी अंथरुणाला खिळलेली माणसे आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. चांगल्या प्रतीच्या फोमने बेडसोअर कमी होतात हे खरे आहे. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने 2014 सालच्या आपल्या सूचनांत इस्पितळात दाखल होणाऱ्या प्रौढांना, आणि घरी असलेल्या पण जास्त धोक्याच्या माणसांना, तशीच गादी द्यावी असे म्हटले आहे. पण त्याच सूचनांत जास्त धोका असलेल्याची कूस निदान दर चार तासांनी बदलावी असेही म्हटले आहे. आमच्या काळी दोन तासांचा नियम होता आणि मेट्रन घड्याळ घेऊन उभी राहायची. म्हणजे गादी कितीही भारी असली तरी माणसाचे हात लागतातच. कातडी लाल झाली आणि बोटाने दाबून सोडल्यावर लाली गेली नाही, तर वाट न पाहता नर्सला किंवा डॉक्टरला दाखवा.

कापसाच्या गादीची सवय सोडा

आपल्या लहानपणी पिंजारी दारात यायचा. धनुकलीचा तो टणत्कार अजून आमच्या कानात आहे. जुनी गादी उसवायची, कापूस पिंजायचा, पुन्हा भरायचा, आणि वर्षातून चार वेळा गच्चीत ऊन द्यायचे. फोमला यातले काही चालत नाही. उन्हात फोम पिवळा पडतो आणि त्याचा भुगा होतो. आमच्या मैत्रिणीने तिकडे गादी बाल्कनीत टाकायचा घाट घातला होता, गादी जड म्हणून वाचली! सावलीत, पंख्याखाली हवा द्या. पाणी ओतू नका, दुमडू नका. पलंगाला पट्ट्या असतील तर दोन पट्ट्यांमध्ये सात-आठ सेंटीमीटरहून जास्त फट नको, नाहीतर फोम फटीत उतरतो.

गुंडाळून आलेली गादी उघडल्यावर पूर्ण फुगायला एक-दोन दिवस लागतात, तेव्हा उंचीचे माप नंतर घ्या. नव्या फोमला वास असतो. पाहुणा यायच्या तीन-चार दिवस आधी उघडून ठेवा, विशेषतः जिथे धुळीच्या वादळामुळे खिडक्या बंद असतात. आणि जाड गादीवर जुन्या चादरी पुरत नाहीत. कोपरे निघतात, चादर लोंबते, आणि रात्री तिच्यात पाय अडकतो. तीही पडण्याचीच तयारी.

पुढे काय झाले

सगळा हिशेब करून आम्ही सांगितले, पलंग 25 सेंटीमीटर उंचीचा, साधा पट्ट्यांचा. वर गादी 18, त्यात वरचा थर पाच. मिळून 43, दबून साधारण 39. बाईचा आकडा 38. जमले. 30 ची गादी लेक-जावयाने वापरावी, दोघेही उंच आहेत. बॅगा कपाटावर.

फोन ठेवताना ती हळूच म्हणाली, "तू फक्त आकडा दे. पडल्याचं तिला काही सांगायला नको. तिने एवढ्या प्रेमाने आणली होती."

वाचकहो, आम्ही तिला नाही म्हटले. लेकीला आम्ही काही सांगणार नव्हतो, पण आकडाही देणार नव्हतो. पडल्याचे तिने स्वतःच सांगायचे, मग आकडा. आईने सांगितले नाही म्हणून लेक सोफ्याचे कारण एसीत शोधत बसली, आणि उद्या मोठ्या कौतुकाने 25 ची घेऊन आली असती. प्रेमाने आणलेल्या गादीवरूनही माणूस पडते. आणि मांडीचे हाड एकदा मोडले की या वयात पुढचे दिवस कसे जातात ते आम्ही फार पाहिले आहे.

दोन दिवस ती आमच्यावर रुसली. तिसऱ्या दिवशी फोन आला. लेकीला सांगितले होते. लेक फोनवर रडली, मग रागावली, मग म्हणाली, "आई, अर्धा तास फरशीवर बसलीस आणि हाक मारली नाहीस?" आणि त्याच आठवड्यात पलंग बदलला. आईने मूत्राची तपासणी करून घेतली, गोळ्या चालू आहेत. पाण्याचा तांब्या पुन्हा उशाशी आला.

तेव्हा आज रात्री झोपण्यापूर्वी एवढे करा. पलंगाच्या कडेवर बसा, पाय खाली सोडा, आणि पाहा. दोन्ही पावले सपाट टेकली तर तुमच्या गादीची जाडी बरोबर आहे, दुकानदार काहीही म्हणो. घरात कुणी म्हातारे असेल तर त्यांनाही बसवून पाहा. त्यांना विचारू नका, कारण ते "सगळं ठीक आहे" असेच सांगतील. टेप घेऊन मोजा.

पुढच्या खेपेस उशीविषयी. तोवर पाणी भरपूर प्या. लोभ असावा.